फॉलिक ॲसिडमागच्या अनामिक बायका

१९२८ साली मुंबईच्या गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद होत्या. एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरात मिटला. लाखाच्या वर कामगार घरी बसले होते, कित्येक कुटुंबं कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात एका विधेयकावर चर्चा झाली. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही काळ रजा मिळावी आणि त्या काळात भत्ता मिळावा, अशी त्यात तरतूद होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केलं. प्रसूतीच्या सुमारास आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी, १९२९ साली, हा कायदा झाला. भारतातला या प्रकारचा तो पहिला कायदा.

कायदेमंडळात या बायकांच्या बाळंतपणाची चर्चा चालू होती त्याच वर्षी चाळिशीतली एक इंग्रज डॉक्टर मुंबईत येऊन दाखल झाली. तिचं नाव लूसी विल्स. तिने केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला होता, नंतर लंडनमध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० साली डॉक्टरकीची पदवी घेतली होती. दवाखाना चालवण्यापेक्षा प्रयोगशाळेकडे तिचा ओढा होता. मुंबईत गरोदर बायकांना होणारा एक विचित्र, जीवघेणा रक्तक्षय समजून घ्यायला ती आली होती, आणि तिला कामाला जागा मिळाली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये.

पुढच्या तीन-चार वर्षांत तिथे जे घडलं त्यातून वैद्यकशास्त्राला फॉलिक ॲसिड मिळालं. आज जगभर गर्भवतीला डॉक्टर जी पहिली गोळी लिहून देतात ती हीच. लूसी विल्सचं नावही बरीच वर्षं मागे पडलं होतं. आता निदान ते पुन्हा घेतलं जातं, २०१९ साली तिच्या १३१व्या जन्मदिनी गूगलने तिच्यावर डूडलही केलं. पण या शोधाचा अर्धा भाग ज्यांच्या शरीरात घडला, त्या बायकांचं काय? त्या कोण होत्या, त्यांनी नेमकं काय दिलं, हे आपल्याकडे कोणी फारसं सांगत नाही. मला तो भाग सांगायचा आहे.

त्या गरीब होत्या, ही पहिली गोष्ट. त्यांच्यात कापडगिरण्यांत मजुरी करणाऱ्या बायका होत्या. गिरणीतल्या बायका बहुतेक करून वाइंडिंग आणि रीळिंग खात्यात असत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर. पाळीचं काम संपलं की चाळीतल्या एका खोलीतला संसार, पाणी भरणं, स्वयंपाक. विल्सने रुग्णांच्या जाती-धर्माची, उत्पन्नाची आणि खाण्यापिण्याची नीट नोंद ठेवली, आणि तिच्या लक्षात आलं की हा आजार गरीब मुस्लीम वस्त्यांतल्या बायकांमध्ये जास्त आहे. त्यांचं जेवण सर्वांत निकस होतं. ताजी भाजी, फळं, दूध हे त्यांच्या ताटात क्वचितच येत असे.

आजार असा होता. गरोदरपणाचे शेवटचे महिने जवळ आले की बाई पांढरीफटक पडायची. जिना चढताना धाप, पायांवर सूज, जीभ लालबुंद आणि हुळहुळी, अन्नावरची वासना गेलेली. कित्येक जणी बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच दगावत. आणि हा नेहमीचा, लोह कमी पडल्याने होणारा रक्तक्षय नव्हता. लोह कमी असलं की लाल पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायकांच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशी उलट मोठ्या दिसायच्या. संख्येने मात्र फार थोड्या. लोह देऊन काही उपयोग होत नव्हता.

अशाच मोठ्या पेशींचा एक रक्तक्षय युरोप-अमेरिकेत ओळखीचा होता, घातक पांडुरोग. त्यावर १९२६ साली बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी रोज भरपूर यकृत खायला घालण्याचा उपाय दाखवला होता, आणि तो लागू पडत होता. म्हणून गरोदर बायकांचा हा आजारही त्याचंच एक रूप असावं, असा समज होता. तो खरा की खोटा हे ठरवायला विल्सला रुग्ण हवे होते, तेही एकदा पाहून सोडून देण्यापुरते नाहीत. दिवसेंदिवस ज्यांचं रक्त तपासता येईल असे हवे होते.

इथे थोडं थांबू. शोधाच्या कथा सांगताना आपण नेहमी प्रयोगशाळेतल्या माणसाकडे बघतो, समोरच्या खाटेवरच्या माणसाने काय केलं ते सांगत नाही. या बायकांनी बोट पुढे केलं. एकदा नाही, उपचार सुरू असेपर्यंत पुन्हा पुन्हा, कारण रोजच्या मोजणीतूनच उत्तर मिळणार होतं. आजार एखाद्या जंतूमुळे होतो का हे पाहायला त्यांच्या मलाच्या तपासण्या झाल्या. घरात काय शिजतं, किती शिजतं, या प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली. घरातलं दारिद्र्य परक्या माणसापुढे असं उघडं करणं कोणत्याही बाईला सोपं जात नाही, त्यात समोर परदेशी डॉक्टरीण. ज्या शरीरात रक्त उरलेलं नाही त्यातून रोज तपासणीसाठी रक्त देणं ही आपण समजतो तशी किरकोळ गोष्ट नाही. त्या बायकांना कोणी लेखी संमती विचारली असेल, हे त्या काळाकडे पाहता संभवत नाही. संशोधनात भाग घेणाऱ्याच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीचे आंतरराष्ट्रीय नियम नंतरचे आहेत. न्यूरेम्बर्ग संहिता १९४७ची, हेलसिंकीचा जाहीरनामा १९६४चा, आणि आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं पहिलं धोरणपत्र १९८०चं.

विल्सवर मी इथे आरोप करत नाही. तिने या बायकांना मुद्दाम आजारी पाडलं नाही, उपचार रोखून धरले नाहीत, आणि तिचं सगळं काम त्यांचा जीव वाचावा म्हणूनच होतं. पण उपकार कोणी कोणावर केले, याचा हिशोब एकतर्फी मांडला गेला आहे एवढं नक्की.

संशोधनाचा पुढचा प्रवास वळणांचा आहे. जंतुसंसर्गाचा पुरावा मिळेना, तेव्हा विल्सने आहाराकडे लक्ष वळवलं. मुंबईतल्या गरीब बायका जे खात होत्या त्याच धर्तीचा आहार तिने पांढऱ्या उंदरांना घातला. काही काळ ती दक्षिणेत कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही काम करत होती. उंदरांना रक्तक्षय झाला, यीस्ट दिल्यावर तो टळला, आणि उत्तर सापडल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे त्यांना एक वेगळाच संसर्ग झाला होता आणि त्यानेही रक्तक्षय होत होता. उंदीर बाजूला ठेवून तिने माकडं घेतली. तोच निकस आहार दिलेल्या माकडांना अगदी बायकांसारखाच, मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला, आणि मार्माइट दिल्यावर तो बरा झाला.

मार्माइट म्हणजे बिअर तयार झाल्यावर उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्लंडमध्ये तो पावाला लावून खातात. यकृताच्या अर्काच्या मानाने तो खूप स्वस्त होता. विल्सने तो मुंबईच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि परिणाम थक्क करणारा होता. काही दिवसांतच रक्तात नव्या, कोवळ्या लाल पेशींची लाट यायची, भूक परतायची, बाई उठून बसायची. १९३१च्या जूनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिचा निबंध छापून आला. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ असं नाव पडलं.

त्यानंतरच्या काही वर्षांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट उलगडली. घातक पांडुरोगावर यकृताचा शुद्ध केलेला अर्क चालत होता, पण या रक्तक्षयावर तो चालेना. कच्चा, कमी शुद्ध अर्क मात्र चालत होता, आणि मार्माइट तर चालतच होतं. याचा अर्थ, अर्क शुद्ध करताना त्यातून जे काही निघून जात होतं, त्याचीच या बायकांना गरज होती. दोन आजार, दोन वेगळी द्रव्यं. पहिलं पुढे बी-१२ म्हणून ओळखलं गेलं, दुसरं फॉलिक ॲसिड. रक्ताच्या अभ्यासातला हा मोठा फाटा मुंबईच्या रुग्णांमुळे दिसला. घातक पांडुरोग हा प्रामुख्याने उतारवयातल्या गोऱ्या रुग्णांत अभ्यासला गेलेला आजार होता; तेवढ्यावर थांबलं असतं तर हे वेगळेपण आणखी बराच काळ ध्यानात आलं नसतं.

आता या द्रव्याचं काम काय, ते पाहू. आपल्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त लाल पेशी तयार होतात. प्रत्येक पेशीला विभागण्याआधी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. डीएनए ज्या चार घटकांनी बनतो त्यांतला थायमीन हा घटक तयार करायला फोलेट लागतं. ते कमी पडलं की नक्कल अर्ध्यावर अडते. पेशी वाढत राहते, पण तिचे दोन भाग होत नाहीत. म्हणून पेशी मोठ्या, बेढब, आणि मोजक्या. गरोदरपणात तर गर्भ, वार आणि आईचं स्वतःचं वाढणारं रक्त, सगळ्यांनाच वेगाने पेशीविभाजन हवं असतं, त्यामुळे फोलेटची गरज एकदम वाढते. ते पालेभाज्यांत, हरभरा-मूग-चवळीसारख्या कडधान्यांत, यकृतात असतं. फार वेळ उकळल्याने ते नष्ट होतं आणि भाजी शिजवलेलं पाणी ओतून दिलं तर त्याच्यासोबत वाहूनही जातं. आधीच ताटात भाजी कमी, लागोपाठची बाळंतपणं, आणि त्यावर अंगमेहनत; मुंबईच्या त्या बायकांच्या शरीरात फोलेटचा साठा उरणार तरी कुठून?

१९४१ साली अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी काही टन पालक घेऊन त्यातून हे द्रव्य वेगळं केलं. पानातून मिळालं म्हणून लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला नाव दिलं. विल्स फॅक्टर हे नाव मागे पडलं. १९४५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली ते कृत्रिमरीत्या तयार झालं.

आणि इथून कथा बॉस्टनला जाते. तिथल्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर हे डॉक्टर रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार करत होते. त्या काळी या आजाराचं निदान म्हणजे काही आठवड्यांची मुदत. त्यांनी फॉलिक ॲसिडच्या जातीची द्रव्यं देऊन पाहिली, तर कर्करोग उलट जोर धरू लागला. मग त्यांनी विचार उलटा केला: फोलेटने कर्करोगाच्या पेशी वाढत असतील, तर फोलेटला अडवणाऱ्या औषधाने त्या थांबायला हव्यात. सुब्बाराव यांच्या गटाने तसं औषध बनवून दिलं, ॲमिनोप्टेरिन. १९४८च्या जूनमध्ये फार्बर यांनी १६ मुलांचे निकाल छापले. त्यांतल्या १० जणांत सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही. आजार परतला आणि ती मुलं गेली. पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटू शकतो हे प्रथमच सिद्ध झालं, आणि ॲमिनोप्टेरिनच्या जवळचं मेथोट्रेक्सेट हे औषध आजही कर्करोगात, संधिवातात, सोरायसिसमध्ये वापरलं जातं. आपल्या आजीला संधिवातासाठी आठवड्यातून एकदा जी गोळी मिळते, तिच्या मागे बॉस्टनची ती मुलं आहेत, आणि त्यांच्याही मागे मुंबईच्या गरोदर बायका.

फार्बर यांनी उपचार केलेल्या मुलांच्या आईबापांचाही इथे उल्लेख करायला हवा. आपलं मूल वाचणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी सुया टोचून घेताना रडणाऱ्या मुलाला मांडीवर धरून बसण्याची तयारी त्यांनी दाखवली.

अशाच धैर्याचा आणखी एक प्रसंग फॉलिक ॲसिडच्याच इतिहासात आहे, आणि तो पुस्तकांत फक्त टक्केवारीच्या रूपात उरला आहे. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून तयार होतात ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. ती उघडी राहिली तर बाळ मेंदूशिवाय किंवा पाठीच्या कण्यात फट घेऊन जन्माला येतं. फोलेटचा याच्याशी संबंध असावा अशी शंका ब्रिटनमधल्या डॉक्टरांना साठच्या दशकापासून होती. ती पडताळायला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांत चाचणी घेतली. तिच्यात १,८१७ स्त्रियांनी भाग घेतला. या सगळ्या जणींना आधी असं बाळ झालेलं होतं. त्यांना पुन्हा मूल हवं होतं, आणि आपल्याला मिळणाऱ्या गोळीत फॉलिक ॲसिड असेल की नसेल हे ठाऊक नसताना त्या चाचणीला तयार झाल्या. १९९१ साली निकाल इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. फॉलिक ॲसिड घेतलेल्या गटांत अशी ६ बाळं, न घेतलेल्या गटांत २१. म्हणजे ७२ टक्के संरक्षण.

त्या २१ बाळांच्या आयांचा विचार मनातून जात नाही. त्यांच्यावर ते दुःख दुसऱ्यांदा आलं. त्यांच्या वाट्याला आलेल्या त्या आकड्यामुळे जगभरातल्या लाखो घरांत ते दुःख आलं नाही. १९९८पासून अमेरिकेत पिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं झालं, पुढे अनेक देशांनी तेच केलं. त्या स्त्रियांची नावं गोपनीय राहिली आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी काय केलं हे गोपनीय राहण्याचं कारण नाही.

मुंबईचं वैद्यकीय ऋण एवढ्यावर संपत नाही. विल्सने जिथे काम केलं त्या संस्थेचा जन्मच रुग्णांच्या आणि कैद्यांच्या अंगावर झाला. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, आणि तो ठाऊक असायलाच हवा. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना लस टोचण्यात आली. लस न घेतलेल्यांपेक्षा त्यांच्यात प्लेग कितीतरी कमी झाला. लस काम करते याचा पहिला पुरावा त्या कैद्यांनी दिला. ते आपखुशीने पुढे आले असं नोंदी सांगतात. चार भिंतींत कोंडलेल्या, बाहेर आणि आत दोन्हीकडे मरण असलेल्या माणसाच्या खुशीला किती मोकळीक असते, हा प्रश्न मला नोंदीपेक्षा मोठा वाटतो. हाफकिन यांचं नाव १९२५ साली संस्थेला दिलं गेलं. त्या कैद्यांचं स्मारक कुठेही नाही.

परळमध्येच, केईएम रुग्णालयात, १९५२च्या सुमारास डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे दोन जखमी आले. एक रेल्वे कामगार, दुसरा भोसकला गेलेला माणूस. दोघांनाही रक्त देणं भाग होतं आणि दोघांचंही रक्त कोणाशीच जुळेना. नेहमीच्या तपासणीत ते ‘ओ’ गटाचं वाटत होतं, पण ‘ओ’ गटाच्या दात्याच्या रक्ताशीही त्याच्या गुठळ्या होत होत्या. कारण असं निघालं: ए, बी आणि ओ या सर्व गटांच्या पेशींवर एच नावाचा एक पाया असतो, ए आणि बी यांच्या खुणा त्याच्यावरच रचल्या जातात. या माणसांच्या पेशींवर तो पायाच नव्हता. म्हणून त्यांच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिद्रव्यं होती, आणि ‘ओ’ गटाचं रक्तही त्यांना घातक ठरलं असतं. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॅटकिन्स यांच्यासोबत लिहिलेला हा शोधनिबंध लॅन्सेटमध्ये आला आणि नव्या गटाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव मिळालं. जगातल्या जनुकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आज मुंबईचं नाव आहे ते या दोघांमुळे. त्यांच्याविषयी ‘रेल्वे कामगार’ आणि ‘भोसकलेला’ याहून अधिक काही सांगितलं जात नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो. यांतले कित्येक दाते फोन आला की रजा टाकून दुसऱ्या शहरात जाऊन रक्त देतात. त्या दोघांचे खरे वारस हे दाते आहेत असं मी मानतो.

नाव नसणं हीच एकमेव अडचण आहे असंही नाही. हेन्रिएटा लॅक्सचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ साली या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढत आहेत, आणि घेताना तिला विचारलं नव्हतं. तिचं नाव जगाला कळलं, तिच्यावर पुस्तक आलं, चित्रपट आला, २०२३ साली एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली. हे चांगलंच झालं. पण तिच्या बाबतीत नाव, कुटुंब, कागदपत्रं सापडली म्हणून न्यायाची वाट निघाली. मुंबईच्या बायकांच्या बाबतीत ती वाट बंद आहे. त्यांची नावं आता मिळणार नाहीत, आणि मिळाली तरी त्यांच्या नातवंडांची परवानगी घेतल्याशिवाय ती छापणं हा दुसरा अन्याय होईल.

मग सन्मान करायचा कसा? मला दोन गोष्टी सुचतात आणि दोन्ही आपल्या हातातल्या आहेत. पहिली शिक्षकांसाठी. वैद्यकीय महाविद्यालयांत शवविच्छेदन शिकण्याआधी देहदान करणाऱ्याबद्दल कृतज्ञतेची शपथ घेण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी रुजली आहे. तीच वृत्ती जिवंत रुग्णांबद्दल हवी. मोठ्या पेशींचा रक्तक्षय शिकवताना, बॉम्बे गट शिकवताना, दोन मिनिटं थांबून हे ज्ञान कोणाच्या शरीरातून आलं ते सांगावं. शाळेत जीवनसत्त्वांचा धडा शिकवणाऱ्या बाईंनीही हे सांगितलं तर परळ-लालबागच्या मुलामुलींना कळेल की त्यांच्या पणज्यांच्या पिढीतल्या गिरणीतल्या बायका विज्ञानाच्या इतिहासात आहेत. परळमध्ये या बायकांच्या नावाने, म्हणजे ‘मुंबईच्या गरोदर स्त्रिया, १९२८ ते १९३१’ एवढ्याच शब्दांनी, एक फलक लावायला कोणाचीही हरकत नसावी.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. ज्या बायकांनी हे ज्ञान दिलं त्यांच्यासारख्याच बायकांपर्यंत ते पोचलं का, हा प्रश्न विचारावा लागेल. विल्सचा निबंध १९३१चा. गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात १९७० साली सुरू झाला. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत किती बायका गेल्या असतील याचा हिशोब कोणाकडेच नाही. आज गावोगाव आशा आणि अंगणवाडी सेविका त्या लाल गोळ्या घरपोच देतात, त्यांचे कष्ट मोठे आहेत. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांतला मोठा वाटा लोहाच्या कमतरतेचा आहे हे खरं, पण उपाय त्याच एका गोळीत दोन्ही मिळून आहे. आणि गरोदरपणात किमान १८० दिवस ही गोळी घेतलेल्या माता होत्या फक्त २६ टक्के. गोळीने पोटात मळमळतं, शी काळी होते, कोणी नीट समजावून सांगत नाही, सासरी ‘गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं’ असं कोणी म्हणतं, आणि पाकीट फडताळात पडून राहतं.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी कोणी गरोदर असेल तर ती गोळी रोज घेते आहे का ते विचारा; मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, बंद करू देऊ नका. लेक, सून, बहीण मूल होऊ देण्याचा विचार करत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिड आधीपासूनच सुरू करायला सांगा, कारण बाळाच्या मज्जारज्जूचं काम दिवस गेल्याचं कळायच्या आतच होऊन जातं. आणि ही गोळी कुठून आली असं तिने विचारलं, तर मुंबईच्या गरोदर बायकांकडून, हे उत्तर द्या.